सतरा दिवसांचा अबोला

रामवाडी, पेण
दसऱ्याआधीचा रविवार, दुपार

तीर्थस्वरूप मोरूमामांच्या पायांशी, भाचा हर्षद याचा इमारतीच्या गच्चीवरून, पाण्याच्या टाकीच्या सावलीतून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? भात कापणीला आलं असेल. मधे दोन दिवस पाऊस पडला तेव्हा तुमच्या शेताची फार आठवण झाली. (खरं सांगायचं तर शेताची नाही, शेतावरच्या तुमच्या खोपीची झाली. तिथे एक माणूस एकटा बसू शकतो.) इकडचं क्षेमकुशल कळवायचं म्हणून पेन हातात घेतलं, पण कळवण्यासारखं क्षेम सापडेना, म्हणून जे आहे ते कळवतो.

फोन का नाही केला, असं तुम्ही म्हणाल. मामा, तुम्हाला ऐकू जावं म्हणून मला जितकं ओरडावं लागतं, तितकं ओरडलो तर ही हकिगत हायवेच्या पलीकडे पोचेल. आणि घरात बसून हळू बोलावं, तर आमच्या दोन खोल्यांत हळू असं काही बोलताच येत नाही. म्हणून पत्र.

दोष कोणाचा ते मी ठरवत नाही, पण सुरुवात तुमच्या वालांपासून झाली. गणपतीनंतर तुम्ही पिशवीभर वाल पाठवलेत. आईने ते भिजत घातले, फडक्यात बांधले, छान मोड आणले. दुसऱ्या दिवशी सोलून बिरडं करायचं होतं. त्या दिवशी उकाडा होता, वालांना वास सुटेल म्हणून अनिताने ते फडक्यासकट फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी आईने फ्रिज उघडला आणि जाहीर केलं की वाल थंडीने मेले. अनिता म्हणाली, नाही हो मेले, चांगले आहेत. आई म्हणाली, "मी साठ वर्सं वाल सोलतेय, मला मेलेला वाल कळतो." त्यावर अनिताने (तिला उशीर झाला होता, भूमिकाची वेणी अर्धी झाली होती, हे मी तिच्या बाजूने नमूद करतो) म्हटलं, "मग काय करू आई, त्यांचं तेरावं घालू?"

मामा, घरात असं शांत झालं की शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी आमच्यात झाल्यासारखी वाटली. आई खाली बसली आणि मला म्हणाली, "हर्षद, तिला विचार, वालांचंच घालणार हाय का माझंही उरकून घेणार हाय?" अनिता तिथेच, हाताच्या अंतरावर उभी होती. तीही मला म्हणाली, "अहो, आईंना सांगा, मी गंमत केली. गंमत कळत नसेल तर यापुढे मी बोलणारच नाही." आणि मामा, शब्दाच्या पक्क्या आहेत दोघी. त्या दिवसापासून त्या एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत. जे बोलायचं ते माझ्यामार्फत.

सुरुवातीला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. पण त्यांना त्याची सवय झाली. आई पाटावर, अनिता ओट्यापाशी आणि मी मधल्या उंबऱ्यात. "तिला सांग, गॅस बारीक कर." "आईंना सांगा, गॅस बारीकच आहे, आच तेवढी दिसते." "तिला सांग, माझे डोळे अजून शाबूत हायत." मी नुसती मान इकडून तिकडे फिरवायचो. सांगायची गरजच नव्हती, दोघींनाही सगळं ऐकू जात होतं. पण मी सांगितलं नाही तर ते बोललेलं धरायचं नाही, असा नियम होता.

घरातून सुटावं म्हणून मी सकाळच्या शिफ्टला नागोठण्याला जाऊ लागलो. (तुम्हाला माहीत आहे, मी पहिली शिफ्ट कधी आपणहून मागितलेली नाही.) तिथेही आईचा फोन. "हर्षद, तिला सांग, दूध वर आलंय." मी कंपनीतून अनिताला फोन लावला. ती म्हणाली, "आईंना विचारा, दिसतंय तर गॅस बंद करायला हात नाहीत का?" मी परत आईला फोन लावेपर्यंत दूध ओट्यावरून खाली उतरलं होतं. पण अनिताचं ते बोलणं आईला कसं सांगायचं? मी म्हटलं, "आई, अनिता म्हणतेय, तुम्ही नका उठू, गुडघे दुखतील, मी बघते." आई म्हणाली, "असं म्हणाली? बरं वाटत नाय का तिला?"

इथे माझी चूक सुरू झाली, मामा. मी निरोप जरा जरा गोड करायला लागलो. "त्यांना सांगा, ते पातेलं मला लागणार आहे" याचं मी "आईंना पातेलं हवंय का विचारा" असं केलं. "तिच्या माहेरी असंच करतात वाटतं" याचं "तिच्या माहेरची पद्धत काय ते विचार" असं केलं. त्यावर अनिताने माहेरची पद्धत पंधरा मिनिटं सांगितली आणि ती मला उंबऱ्यात उभं राहून आईपर्यंत पोचवावी लागली. भूमिका सहावीत आहे, पण तिने या सगळ्याचा अभ्यास केला आणि दोघींकडून दोन वेगवेगळे नाश्ते करून खाऊ लागली. घरात तिचंच तेवढं बरं चाललं होतं.

एकदा आम्ही शेजाऱ्यांकडच्या बारशाला हॉलवर रिक्षाने गेलो. दोघी दोन टोकांना, मी मधे. रिक्षावाला साईराज, आमच्याच आळीतला. आई म्हणाली, "तिला सांग, पदर आत घे, चाकात जाईल." मी वळतोय तोवर साईराजच मागे न बघता म्हणाला, "वहिनी, पदर आत घ्या, काकू सांगतायत." अनिता त्याला म्हणाली, "काकूंना सांगा, घेतला." मामा, मला इतकं बरं वाटलं! जन्मात कोणी माझं इतकं ओझं उचललं नव्हतं. उतरताना तो हळूच म्हणाला, "दादा, किती दिवस झाले?" मी म्हटलं, चौदा. तो म्हणाला, "आमच्याकडे पाच महिने चाललं होतं." त्यानंतर मला बारशाचं जेवण गेलं नाही.

सतराव्या दिवशी आईने पिशवी भरली. दोन लुगडी, औषधांचा डबा, बाबांचा फोटो. "मी मोरूकडे जाते," म्हणाली. "तुम्ही सुखात रहा." बाबांचा फोटो भिंतीवरून उतरला तेव्हा मी उठलो. आत अनिता डोळे पुसत भांडी घासत होती, आणि एकच भांडं पुन्हा पुन्हा घासत होती. मी पहिल्यांदा आईजवळ गेलो आणि म्हटलं, "आई, अनिताने मला सांगितलंय, आईंना सांगा, माझं तोंड फटकळ आहे, पण त्यांच्याशिवाय या घरात माझं कोण आहे?" मग आत जाऊन अनिताला म्हटलं, "आई म्हणतेय, माझं तोंड फटकळ हाय, पण तिच्याशिवाय या घरात माझं कोण हाय?" (घाईत दुसरं वाक्य सुचलं नाही. मी कंपनीत वाफेचे व्हॉल्व्ह बघणारा माणूस, मला एक सुचलं हेच खूप.)

आईने पदर तोंडाला लावला. अनिता नळ चालू ठेवून भिंतीकडे बघत राहिली. जे कोणीच बोललं नव्हतं त्यावर दोघी रडल्या, आणि मामा, मधे उंबऱ्यात मलाही रडू आलं. फोटो परत भिंतीवर गेला. संध्याकाळी आई म्हणाली, "अनिता, चा टाकतेस का गो?" मधे मी नव्हतो. मी बाथरूममध्ये जाऊन देवाला हात जोडले.

दोन दिवस आमच्या घरात स्वर्ग होता. एकोणिसाव्या दिवशी, काल सकाळी, दोघी खाली बसून नवरात्रानंतरच्या मासळीसाठी सुका जवळा निवडत होत्या आणि मी पेपर वाचत होतो. आई मायेने म्हणाली, "तू तसं म्हणालीस ना, तुमच्याशिवाय या घरात माझं कोण, तेव्हाच माझा राग गेला."

अनिता म्हणाली, "मी? ते तर तुम्ही म्हणालात ना आई?"

जवळा निवडणारे चार हात थांबले. मी पेपर जरा वर धरला. आई हळूच म्हणाली, "मी नाय म्हणाले. म्हंजे हा या घरात कोणच नाय, असं आपण दोघींनी त्याच्याच तोंडून सांगितलं व्हय?"

"आणि ते तेवढं खरंच आहे," अनिता म्हणाली.

मग त्या हसल्या. इतक्या हसल्या की जवळ्याचा कागद उलटला. मीही पेपरामागे हसलो, मला वाटलं सुटलो. पण हसू थांबल्यावर चौकशी बसली. त्या सतरा दिवसांचा एकेक निरोप काढून मूळ काय होतं ते ताडून पाहिलं गेलं. आणि आश्चर्य सांगतो मामा, मूळ बोलण्याचा कोणालाच राग आला नाही! आई म्हणाली, "'हात नाहीत का' असं म्हणालीस? बरोबरच म्हणालीस, मी उठायला पायजे होतं." अनिता म्हणाली, "आई, 'तिच्या माहेरी असंच करतात' हे खरंच आहे, माझी आई तसंच करते." राग आला तो माझ्या गोड शब्दांचा. दोघींचं म्हणणं एकच, हा माणूस आपल्याला खोटं खोटं खेळवत होता. कालपासून दोघी माझ्याशी बोलत नाहीत. जेवण वाढतात, पण ताट खाली ठेवून निघून जातात. निरोप भूमिका आणते, आणि तिला गोड करण्याची सवय नाही. आज सकाळी म्हणाली, "पप्पा, आजी आणि मम्मी म्हणतात, तुम्ही गच्चीवर जाऊन बसा." म्हणून इथे बसलोय.

माझं काय चुकलं ते मला कळतं, पण दुसरं काय करायला हवं होतं ते अजून कळत नाही. मामींना नमस्कार.

तुमचा,
हर्षद

ता. क. हे लग्न तुम्ही जमवलंत, म्हणून हक्काने सांगतो. दोघींना एक फोन करा. म्हणा, हर्षदचं पत्र आलं, अक्षर थरथरत होतं, चार किलो वजन उतरलंय. (उतरलेलं नाही, पण सांगा.) दोघींना वेगवेगळं वाक्य सांगा, एवढी कृपा करा.

ता. क. २. पट्टी निघाली असेल आणि पत्र मामीही वाचणार असतील तर, मामी, तेराव्याचं तेवढं सोडून वाचा.

ता. क. ३. आत्ताच खाली गेलो तर दारात पिशव्या भरलेल्या. आई, अनिता आणि भूमिका तिघीही रोह्याला निघाल्यात, धावीर महाराजांच्या पालखीला, तुमच्याकडेच. आठ दिवस. मला विचारलेलं नाही. पोस्टाने हे पत्र त्यांच्यानंतर पोचेल, म्हणून पाकीट चिकटवून त्यांच्याच हाती देतोय. एसटी पेणच्या स्टँडवरून हलायच्या आत त्या ते उघडणार, हे मला ठाऊक आहे. तेव्हा आई, अनिता, चार किलोचं ते खोटं आहे, बाकी वरचं सगळं जसंच्या तसं आहे, एक शब्द गोड केलेला नाही. वाचून झालं की मामांना द्या. आणि परत याल तेव्हा मला काय वाटेल ते बोला, पण मला बोला.