भोंगे, मावशी आणि न शिवणारा कावळा यांची व्यवस्था

मी, प्रेमदास व्यंकटराव पतंगे, वय सत्तावीस, धंदा लाऊडस्पीकर भाड्याने देणे, शिक्षण दहावीत थांबलेले, राहणार आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही आणि माझ्यावर कोणी दमदाटी केलेली नाही. मावशी मागे उभी राहून बोलत आहे, पण ती दमदाटी नव्हे. तिचा आवाजच तसा आहे.

कारण असे की, सोमवारपासून मी मठात मौन घेऊन कायमचा राहणार आहे. आजवर दुसऱ्यांचे आवाज मोठे करून दिले, आता स्वतःच्या आतला ऐकायचा आहे. मठातले महाराज म्हणाले, "जिथे जिथे जीव अडकला आहे ते सगळे देऊन ये, आणि स्वतःचे श्राद्ध स्वतः करून ये." म्हणून ही वाटणी.

कलम १. राहते घर माझी मावशी रुख्मिणीबाई हिला मिळावे. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. न्हाणीघराची कडी आधी वर उचलावी, मग ओढावी. सरळ ओढल्यास माणूस आत अडकतो. मावशीला हे माहीत आहे, तरी ती सरळच ओढते. ती अडकल्यावर बाहेरून कोण काढणार, हे अजून ठरलेले नाही.

कलम २. चारही भोंगे, मशीन, माईक आणि बॅटरी माझा भागीदार फारुक याला. अटी: वायर कोपरावर गुंडाळू नये, आठच्या आकड्यात गुंडाळावी. माईकमध्ये फुंकू नये, टिचकी मारावी. तिसरा भोंगा ओलाव्याला घाबरतो, त्याला पोत्यात ठेवावे. घाबरतो हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

कलम ३. भीमसिंग मंडपवाले यांना काहीही देऊ नये. शिरड शहापूरच्या लग्नात त्यांनी माझी पिन काढून स्वतःचा कुलर लावला. मंगलाष्टके मध्येच बंद पडली आणि नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना घाम पुसत उभे राहिले. मी त्यांना मनापासून क्षमा केली आहे. मशीनला मात्र हात लावू देऊ नये.

कलम ४. फारुकची आई जाहेदाचाची यांना दर गुरुवारी शुगर तपासायला न्यावे लागते. ही मालमत्ता नाही, हे मला कळते. पण ती कोणाच्या तरी नावावर करणे भाग आहे. फारुक विसरतो.

इथपर्यंत परवा लिहिले. पुढचे आज लिहीत आहे, कारण मध्ये काल श्राद्ध झाले.

महाराजांनी कावळ्याविषयी काही सांगितले नव्हते. पण ओढ्याकाठी मावशीने हट्ट धरला. "पिंड हाय तर कावळा पायजे. कावळा शिवल्याबिगर मी तुला मेलेला मानत न्हाई!"

मी मौन सकाळपासूनच सुरू केले होते, ही घाई झाली. गुरुजींनी सांगितले तसा पिंड पत्रावळीवर ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते, पण एकही खाली येईना. मेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, मग मागे राहिलेले लोक अंदाजाने वचने देतात. इथे मेलेला शेजारीच बसला होता, फक्त बोलत नव्हता.

"न्हाणीची कडी उचलूनच काढीन रे," मावशी म्हणाली. कावळा आला नाही.

"वायर आठातच गुंडाळतो, कसम से," फारुक म्हणाला. नाही आला.

"मी मशीनला हात लावणार न्हाई," भीमसिंग लांबून म्हणाले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. कावळा एक फांदी वर गेला.

मावशी चिडली. "आवं, मुडद्यालाच इचारा की! समोर तर बसलाय. बोल ना रे, काय राहिलं तुझं?"

काही राहिले नाही, अशी मी हाताने खूण केली. कावळ्याने ती मान्य केली नाही.

शेवटी फारुक माझ्याजवळ उकिडवा बसला. वचन दिले नाही. हळूच म्हणाला, "यार, उद्या साखरा गावचं लगीन हाय. मशीन घूं घूं करून राहिली. मला काहीच समजून न्हाई राहिलं. अन् अम्मी इचारून राहिली, गुरुवारी प्रेमदास येणार का न्हाई. काय सांगू तिला?"

"अर्थिंग सुटलं असंल," मी म्हणालो. "अन् चाचीला म्हणावं, उपाशीपोटी तयार राहा."

माझे वाक्य पुरे व्हायच्या आत कावळा खाली येऊन पिंडाला शिवला.

गुरुजी म्हणाले, "विधी झाला. शास्त्राप्रमाणे तुम्ही आता गेलात."

"गेला तर गेला," फारुक म्हणाला. "गाडीत बस, मशीन बघायला उशीर होऊन राहिला."

मावशी डोळ्याला पदर लावून मला म्हणाली, "ऊठ मेल्या. भांडे कोण उचलंल?"

संध्याकाळी मी महाराजांना फोन करून सगळे सांगितले. मोक्ष हुकला का, असे विचारले. ते पुष्कळ वेळ हसले. मग म्हणाले, "तुझा मठ तुला सापडला, तिथेच राहा." आणि मठाच्या उत्सवासाठी दोन भोंगे मिळतील का, असेही विचारले. तिसरा सोडून कोणतेही दोन देण्याचे ठरले.

कलम ५. वरील सर्व वाटणी कायम राहील, पण मी खरोखर मेल्यावर. तोपर्यंत कडी, वायर आणि गुरुवार माझ्याकडेच राहतील.

कलम ६. खऱ्या वेळी कावळा शिवला नाही, तर कोणीही मला वचने देऊ नयेत. मला काही नको असेल. फारुकने जवळ बसावे आणि त्याचे कुठे अडले आहे ते विचारावे. मी काहीतरी करतो.

ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेब म्हणतात. काहीच न मिळणारे गावात दोनच सापडले.

साक्षीदार १: भीमसिंग, मंडपवाले. (सही करताना म्हणाले, "कुलर मीच लावला होता, पण नवरीला लई गरम होऊन राहिलं होतं." हे मला कोणी सांगितले नव्हते. कलम ३ मधील शेवटचे वाक्य रद्द.)

साक्षीदार २: पुनमचंद, किराणा दुकानदार.

लिहून ठेवणार: प्रेमदास व्यंकटराव पतंगे, शास्त्राप्रमाणे मयत, सध्या साखऱ्याच्या लग्नाला निघालेला.

आखाडा बाळापूर, दि. ११ मे २०२५