बाबाने बसवलेला पाइप

बाबा, काकाचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे आणि तो माझ्यामुळे आहे. घरात हे अजून कुणाला ठाऊक नाही.

तू गेल्यावर होडी काकाकडे गेली आणि होडीची मशीन माझ्याकडे आली. असं कुणी ठरवलं नव्हतं. काकाला जाळं कळतं, पाणी कळतं, पण मशीनचं झाकण उघडलं की तो मागे सरतो. मग अकरावीतल्या मला हाक यायची. आता डोंबिवलीत नोकरी आहे, भाड्याची खोली आहे, तरी रविवारी कोलशेतला आले की मी आधी खाडीवर जाते आणि मग घरी. आईला त्याचा राग येतो. "मशीनला भेटायला येते ही, आम्ही मधेच लागतो," म्हणते.

मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. ओट्यावर तू वर्तमानपत्र पसरलं आहेस, कार्बोरेटर सुटा करून आईच्या जुन्या पातेल्यात रॉकेलमध्ये बुडवला आहेस आणि आई म्हणतेय, "आज त्याचीच आमटी कर." तू हसत नाहीस. पितळेचा बारीक भोकाचा जेट माझ्या हातात देतोस. "याच्यातून ट्यूबलाइट दिसते का बघ." दिसते. "मग याचा काय दोष होता? उगाच खोललास." मशीन बंद पडल्यावर मी सरळ पाना घेऊन कार्बोरेटरला हात घातला होता, आणि खरा दोष होता टाकीच्या झाकणावर. हवेचा स्क्रू बंद राहिला होता. हवा आत जात नसेल तर पेट्रोल बाहेर कसं येणार? "टाकीकडून मशीनकडे यायचं," तू म्हणालास, "आणि दोष सापडल्याशिवाय काही बदलायचं नाय." मी ते पाठ केलं. माझा स्वभावच तसा. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी आजही जिन्यातून परत वर जाते.

यंदा पावसाळा संपल्यावर मशीन त्रास द्यायला लागली. चालू व्हायची, हळू चालायची, पण वेग दिला की खोकून बंद. टाकीतून मशीनकडे जाणाऱ्या पाइपच्या मध्ये जो रबरी फुगा असतो तो हाताने दाबत राहिलं की पुन्हा चालायची. मी तुझ्या क्रमानेच गेले. स्क्रू उघडा, टाकी स्वच्छ, फिल्टर स्वच्छ. तरी वेगात फुगा आत ओढला जाऊन चपटा व्हायचा. म्हणजे पेट्रोल टाकीपासून फुग्यापर्यंतच नीट येत नव्हतं, आणि त्या दोहोंच्या मध्ये पाइपाशिवाय दुसरं काहीच नाही. एवढं मला कळत होतं. मी पाइप बाहेरून चाचपला, फुंकून पाहिला, हवा गेली. कुठे चीर नाही. टोकाला तू पिळलेली तार तशीच होती.

काकाने कळव्याहून नवा पाइप आणला. "बदलून टाक गो पोरी. जुना झाला तो."

"बाबाने बसवलाय. कुठे फाटलाय ते दाखव."

"मला काय दाखवता येतंय? मी आपला म्हणतो."

"मग नको."

त्याने नवा पाइप खिळ्याला टांगला. तुझं नाव घेतलं की तो पुढे बोलत नाही, हे मला माहीत होतं. तेवढ्यापुरता उपाय म्हणून मी काकीला फुगा दाबायला शिकवलं. ती रोज त्याच्यासोबत जायला लागली. "माशांच्या धंद्यात आणून मला म्हैस पिळायला बसवलीय," ती सगळ्यांना सांगायची, आणि मीही हसायचे.

मग त्या दिवशी ओहोटीला जोर होता आणि नेमकी पुलाजवळ मशीन बंद पडली. काकी फुगा दाबत राहिली, तो भरेचना. काकाने मशीनची दोरी ओढून पाहिली, वल्हं घेतलं, पण होडी आडवी होऊन खांबाकडे निघाली. काकी त्याच बाजूला बसली होती. ती चिरडली जाऊ नये म्हणून काकाने खांबाला हात लावला. मनगट मोडलं. मागून आलेल्या दुसऱ्या होडीने त्यांना ओढून आणलं.

संध्याकाळी डोंबिवलीहून येऊन मी तो पाइप काढला आणि सुरीने उभा चिरला. आतला थर चिकट होऊन सुटला होता आणि जिभेसारखा लोंबत होता. पेट्रोल जोरात ओढलं की तीच जीभ वाट अडवायची. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. हे मी ऐकलं होतं, बाबा. ऑफिसात गाड्यांवरून बोलणं चालतं तेव्हा मीच दुसऱ्यांना सांगितलं होतं. पण तू बसवलेल्या वस्तूला ते लागू होईल असं मी मनात येऊ दिलं नाही. तू असतास तर काकाने आणलेला पाइप त्याच दिवशी लावून बघितला असतास. तुझं वाक्य मी पुढे केलं, त्यात तुझा काही दोष नाही.

नवा पाइप लावला. मशीन आता उत्तम चालते, पण चालवायला कुणी नाही. होडी दगडाला बांधून आहे. काकी दुसऱ्यांची मासळी विकायला घेते. शेजारी विचारायला येतात तेव्हा काका प्लास्टर उचलून दाखवतो. "पेट्रोलात पाणी होतं. त्या पंपावाल्याला जाऊन ऐकवणार हाय मी. पोरीने मशीन चोख ठेवलीय. बापाचा हात हाय तिला." मी तिथेच चहाचे कप घेऊन उभी असते. कप देते आणि आत जाते. गेल्या रविवारी काकी माझ्याकडे बघून म्हणाली, "हिचं तोंड का उतरलंय? हात तुझा मोडलाय का?" सगळे हसले. तेव्हा बोलता आलं असतं.

हे तुला कुठे पाठवायचं नाही, ते मला कळतं. तुझी माफी मागायला बसले होते, पण ती तुझी मागायचीच नव्हती. काका समोर असला की तो काहीतरी बोलेल, कदाचित ओरडेल, कदाचित "जाऊ दे गो" म्हणेल, आणि त्या "जाऊ दे"चीच मला जास्त भीती वाटते. तू काहीच म्हणणार नाहीस, म्हणून आधी तुला लिहिलं.