चाळीस ठिकाणी लिहिलेलं

दि. ३ फेब्रुवारी
ती. दादास,
सा. न. वि. वि.
तुझं वाचणारं यंत्र भलतंच हुशार झालंय हो! नव्या दवाखान्यातली मुलाखत झकास झाली. मेट्रनबाईंनी औषधांच्या कपाटाची किल्ली कुठे टांगतात तेही दाखवलं. मग त्यांनी संगणकावर तुझ्या यंत्राला माझ्या नावाबद्दल विचारलं. चुकीचं इंजेक्शन देऊन रुग्णाचा जीव घेणारी नर्स, असं उत्तर आलं. मागवलेला चहा येण्याआधीच बाईंनी मला वाटेला लावलं.
चौकशीत मी निर्दोष ठरले, हे त्याने वाचलंच नाही का? त्याला शिकवणारा तूच ना, मग तेवढं पुसून टाक. वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती तशीच असू दे.
तुझी चिमी

दि. ११ फेब्रुवारी
चि. चिमीस,
अ. आ.
पुसलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेच शिकून बसलं. रोज ते इंटरनेटवरचा मजकूर नव्याने वाचतं आणि जे जास्त ठिकाणी सापडेल ते खरं धरतं. हा नियम माझाच. तुझ्यावरच्या आरोपाची बातमी चाळीस ठिकाणी आहे, सुटकेची एकाच.
म्हणून काका, मावशी, सगळ्यांना तू निर्दोष असल्याचं इंटरनेटवर लिहायला बसवलंय. काळजी करू नकोस, जेवत जा.
तुझा दादा

दि. २ मार्च
चि. चिमीस,
अ. आ.
मी घोळ घातला. सगळ्यांनी जीव ओतून लिहिलं, पण आपली माणसं पडली सरळ. प्रत्येकाने आधी तुझ्या नावासकट आरोप नीट सांगितला आणि मग तो खोटा म्हटलं. काकांनी तर तारीखही दिली. यंत्राने आरोप तेवढा उचलला. आता ते चाळीसचे एकोणसाठ झाले.
आमचे साहेब म्हणाले, एका माणसासाठी नियम बदलता येत नाही. हेच मी दोन वर्षांपूर्वी, स्वतःबद्दलचं असंच खोटं पुसायला सांगणाऱ्या एका अनोळखी गृहस्थांना लिहून कळवलं होतं. चिमे, मी हात टेकले. फार वाईट वाटतंय.
तुझा दादा

दि. ९ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.
काकांना काही बोलू नकोस, त्यांना वाटतंय आपण मैदान मारलं. दवाखान्यात दुसरी नर्स घेतली. मी शेजारच्या आजींच्या पायाची पट्टी बदलायला जाते.
तुझ्यावर राग नाही. तुझा जीव आहे माझ्यावर, हे मी जाणते. पण यंत्राने वाचलं, बाईंनी वाचलं, तूही चौकशीचा निकाल वाचलास आणि पुसायला धावलास. त्या दिवशी वॉर्डात काय झालं, हे तू मला एकदाही विचारलं नाहीस.
तुझी चिमी