धारवाडीचे पिवळे बाण

श्री. अर्जुनराव यांस,

हिंदुरावचा साष्टांग नमस्कार (आठांपैकी डावा गुडघा सध्या सुजलेला आहे, त्याच्या वाटचा नमस्कार बाकीच्या सातांनी केला असं समजावं). सांगवीत सगळे खुशाल असाल. जयमालाताईंची कंबर काय म्हणते? इकडे आम्ही उभयता मजेत. फोन न करता पत्र का, असं वाटेल. तर अख्ख्या धारवाडीत रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीपाशी, तिथं बायकांची धुणी चाललेली असतात, आणि ओरडल्याशिवाय पलीकडे ऐकू जात नाही. मागे आमच्या रविराजला पोट बिघडल्याचं कळवायला गेलो, तर मी घरी पोचायच्या आत तीन घरांतून ओवा आला. तेव्हा खासगी मजकूर पत्रातच बरा.

हवेबद्दल काय सांगू! निघताना पिंपळे गुरवच्या जॉगिंग ट्रॅकवर आपल्या बाकड्यासमोर मी जे भाषण ठोकलं होतं (धूर खा लेको तुम्ही, मी चाललो ढगात), ते अक्षरशः खरं झालं. ढग स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येतो, पुढच्या खोलीत जरा टेकतो आणि मोरीच्या दारानं निघून जातो. सतरा दिवस ऊन नाही. आषाढात धुतलेला बनियन दोरीवर अजून ओला आहे. पापड तळायच्या आधीच माना टाकतात, काडी पेटत नाही, आणि पोस्टातून आणलेली पाकिटं ट्रंकेत आपली आपणच चिकटून बसली. पण पंखा लागत नाही हो! चाकणला कंपनीच्या पत्रा ठोकायच्या प्रेस शॉपमध्ये चौतीस वर्षं घाम गाळलेल्या या अंगावर आता सकाळी दोन स्वेटर असतात. डॉक्टरांनी हवापालट सांगितली होती ती लागू पडली, खोकला पार गेला. (इतक्या वर्षांचा सोबती, त्यामुळे जरा चुकल्याचुकल्यासारखं होतं.)

आमचा करार तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्याच घरी चहा पिता पिता ठरला होता. सावित्रीनं एक पावसाळा इथं काढायचा, आणि गौरी-गणपतीला ती म्हणेल ती पूर्वदिशा. राहू म्हणाली तर राहायचं, परत म्हणाली तर पिंपळे गुरवचा फ्लॅट आहेच. मी मात्र तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, असं वचन तिनं घेतलं (कारण एरवी तिला बोलायला जागाच मिळत नाही, असं तिचं म्हणणं). पहिला महिनाभर ती कपड्यांची पिशवी भरून दाराशीच ठेवायची. बोलायला माणूस नाही, दारावर भाजीवाला नाही, आणि शेजारच्या गोजाबाई बोलतात त्यातलं निम्मं म्हशीला उद्देशून असतं. ट्रॅकवर एवढी फुशारकी मारून आलेला मी, येता-जाता ती पिशवी पायानं हळूच आत सरकवायचो.

त्यात उद्भवलं हे बाणांचं प्रकरण. दर रविवारी पिंपरी-चिंचवडातून पोरापोरींचे जथेच्या जथे गावामागच्या कड्यावर चढायला येतात. (आपण पावसात भिजलो की आई बदडायची, ही मंडळी भिजण्यासाठी खास बूट विकत घेतात.) त्यातली चार-पाच हमखास वाट चुकतात आणि मग अख्खा गाव त्यांना शोधत बसतो. मी पडलो सेफ्टी कमिटीचा जुना माणूस, मला कसं बघवणार? पिवळ्या ऑइलपेंटचा डबा घेतला, एकेक दगड फडक्यानं कोरडा केला, आणि चार दिवसांत कड्याच्या माथ्यापासून आमच्या अंगणापर्यंत एकशे बारा बाण काढले. अंगणात हिरवी पाटी लावली, ‘एकत्र जमण्याची जागा’. शेवटच्या बाणाशी घसरलो, तोच हा गुडघा. पण काम असं देखणं की कुठल्याही ऑडिटरनं मान डोलवावी.

रविवारी साडेनऊला आमच्या अंगणात बासष्ट माणसं उभी, सगळी निथळत, आणि सगळी मलाच विचारतायत की काका, कडा कुठाय? आता यात माझं काय चुकलं सांगा! कंपनीत बाण असतात ते बाहेर पडायला. आग लागली तर माणसानं सुखरूप जागी कसं पोचायचं, ते बाण दाखवतो. आत जायला कुणी बाण काढतं का? आत तर भोंगा वाजला की माणूस आपसूक जातो. चौतीस वर्षांत बाणाला दुसरी दिशा असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यामुळे गावातून वर निघालेला प्रत्येक जण पहिल्या बाणाशी वळला आणि बोळातून थेट आमच्या तुळशीपाशी आला. गोजाबाई म्हैस थांबवून म्हणाल्या, “आवं हिंदुराव, कडा केवढा मोठा हाय! त्यो काय हारवलाय व्हय, बाण काढाया?”

मला वाटलं, संपलं, आता सावित्री पिशवी उचलते. तर तिनं पदर खोचला. आधी चहा, मग पिठलं, मग गोजाबाईंना हाताशी घेऊन भाकऱ्या. कुणाचा पाय मुरगळला होता त्याला तेल चोळलं, प्रत्येकाला गाव विचारलं. त्यात एक नेहा नावाची मुलगी निघाली पिंपळे गुरवच्या आमच्याच मागच्या गल्लीतली. तिच्याकडून गल्लीची तीन महिन्यांची खबरबात काढून घेतली. दुसऱ्या दिवशी मी बाण उलटे करायला निघालो, तर तिनं ब्रशच लपवून ठेवला! आता दर रविवारी मंडळी आधी अंगणात येतात, पिठलं खातात, मग सवड झाली तर कडा बघतात. पिशवीतले कपडे कपाटात गेले, तिच्यात आता कांदे असतात. खरं सांगतो अर्जुनराव, तिला इतकं हसताना मी रविराजच्या बारशानंतर पाहिलं नव्हतं. मला फार फार बरं वाटलं.

तर एकूण सगळं झकास चाललं आहे, असं ट्रॅकवर कळवावं. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, धूर खाणाऱ्यांना सहानुभूती.

आपला साडू,
हिंदुराव

ता. क. इथपर्यंतचं बाकड्यावर मोठ्यानं वाचा, पुढचं वाचू नका. अर्जुनराव, मला परत यायचंय हो! कांदे चिरण्यापलीकडे मला इथं कुणी विचारत नाही. तिथं आपण सहा जण रोज सकाळी कडाकडा भांडायचो. इथं भांडायचं कुणाशी, ढगाशी? पण तोंड उघडायचं नाही असं वचन दिलंय, आणि ट्रॅकवर नाक कापून घ्यायचं नाही. तेव्हा गणपतीला या, आणि जयमालाताईंनी कंबर धरून म्हणावं की सावित्री, आता तू जवळ हवीस. मग मी तिच्यासाठी म्हणून मोठ्या मनानं परत येईन.

ता. क. आणखी एक. ओढून उघडताना पाकिटाचा डिंक गेला, म्हणून भाताची शितं लावून चिकटवलंय. गुडघ्यामुळे मला उतरवत नाही, सावित्री खेडच्या बाजाराला निघालीय, तीच पेटीत टाकेल. ती दुसऱ्याचं पत्र कधी वाचत नाही.

ता. क. भाऊजी, सावित्रीचा नमस्कार. या हवेत शितं वाळत नाहीत, पाकीट माझ्या हातातच उघडलं. शितावरून भाताची परीक्षा करायची जन्माची सवय, म्हणून चार ओळी वाचल्या, मग राहिल्याही वाचल्या. ताईच्या कंबरेला यात ओढू नका. एवढं मनात होतं तर मला सांगायचं होतं. वचन मी गप्प बसायचं घेतलं होतं, कुढायचं नाही. गणपतीला तुम्ही दोघं या आणि बाकड्यावरच्या बाकीच्या चौघांनाही घेऊन या. आठवडाभर इथं काय ते भांडा. तरीही ह्यांना करमलं नाही, तर विसर्जनानंतर कांदे काढून पिशवी मीच भरीन. येताना ताईकडचं मोठं पातेलं आणा. वाट कुणाला विचारू नका, कुठलाही बाण धरा, आमच्याच दारात याल.