एका शिंगासाठी सतरा बाटल्या

बेसा, नागपूर
शुक्रवार, दुपार

तीर्थरूप वच्छलावहिनींच्या पायांशी धाकट्या दिराचा, म्हणजे गिरिधरचा, साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे धडधाकट आहोत. तिकडे तुमचे गुडघे, परसातली भेंडी आणि दादाचं ब्लडप्रेशर ठीक असेल अशी आशा करतो. पैकी ब्लडप्रेशरची चौकशी या वेळी अगदी मनापासून आहे.

पत्र पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. फोनच करणार होतो, पण तुमचा फोन दादाच्या खिशात असतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काही पाठवलं की तो चष्मा लावून ते मोठ्यानं वाचतो (मागे तुमच्या जावेनं, कामिनीनं, तुम्हाला ब्लाउजची मापं विचारली, ती नरखेडच्या अर्ध्या गल्लीला पाठ झाली). म्हणून हे पत्र ब्लाउजपीसच्या घडीत घालून आमच्या खालच्या मजल्यावरच्या दुर्गेशच्या हाती पाठवतो आहे. त्याची संत्र्याची बाग तुमच्याच रस्त्यावर आहे. तो आज मोटरसायकलनं येईल आणि रविवारी परत निघेल. दादा ब्लाउजपीसची घडी उघडणार नाही एवढा माझा त्याच्यावर विश्वास आहे.

आता नंदी. नंदी सुखरूप आहे. आमच्या नातीच्या, वैदेहीच्या, तान्ह्या पोळ्यासाठी दादानं तो पहिल्यांदाच घराबाहेर दिला, याची आम्हाला सगळ्यांना पुरेपूर जाणीव आहे. (सूनबाई सोनिका साताऱ्याची. तिला आधी हेच समजावावं लागलं की आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी जातात आणि बोजारा म्हणून खाऊ-पैसे घेऊन येतात. ती म्हणाली, मग ऑनलाइन मागवू ना एक बैल. मी तिला माफ केलं.) बाबांनी हा नंदी दादाच्या पाचव्या वर्षी सुताराकडून करून घेतला. माझ्या लहानपणी मला तो ओढायला मिळायचा, पण दोरी दादाच्या हातात आणि मी मागून ढकलायला. या वेळी देतानाही त्यानं फडक्यात गुंडाळून दिला आणि एवढंच म्हणाला, "जसा नेऊन राहिला तसाच वापस देजो गा." वहिनी, मी एकसष्ट वर्षांचा आहे, पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालो, पेन्शनर मंडळाचा उपसचिव आहे. पण दादा हे वाक्य बोलला तेव्हा मी सातवीतल्या पोरासारखा "हो दादा" म्हणालो आणि नंदी दोन्ही हातांनी छातीशी धरला. मी त्याला आजही भितो. हे तुम्हाला ठाऊक आहेच, लिहून दिलं एवढंच.

मंगळवारी तान्हा पोळा झाला. वैदेहीला सोसायटीत दुसरा नंबर मिळाला (पहिला नंबर दिव्यांची माळ लावलेल्या एका थर्माकोलच्या बैलाला गेला, त्यावर मी काही बोलत नाही). परत येताना जिन्याच्या तोंडाशी ती बोजाऱ्यातलं चॉकलेट सोडायला थांबली, दोरी सैल पडली आणि नंदी आपल्या चाकांवर स्वतःच निघाला. अकरा पायऱ्या. खाली पोचला तेव्हा उभाच होता, पण उजवं शिंग त्याच्या आधी पोचलं होतं. शिंग मी त्याच संध्याकाळी चिकटवलं. मापात, कोनात, तसूभर फरक नाही. फक्त जोडाची एक रेघ दिसते, दोऱ्याएवढी. आणि सोमवारी सकाळी दादा नंदी न्यायला येणार, कारण मंगळवारी तुमच्याकडे महालक्ष्म्या बसणार आणि त्यांच्यापुढे तो मांडायचा असतो. जो माणूस बांधावरून संत्र्याच्या पानावरचा डाग ओळखतो, त्याला ती रेघ फाटकातून दिसेल.

कामिनीचं म्हणणं, साध्या ब्रशनं रंगाचा एक हात मारा आणि विषय संपवा. पण ब्रशचे फटके दिसतात. मी निवृत्तीनंतरचा छंद म्हणून एक एअरब्रश घेऊन ठेवला होता, पुठ्ठ्याची धरणं रंगवण्यासाठी. पेनासारखी नळी असते, मागून पंपाची हवा येते, खाली रंगाची बाटली लटकते आणि रंग अगदी धुक्यासारखा बाहेर पडतो. फटका नाही, रेघ नाही. अडचण एकच होती. त्याच्यासोबत बाटली एकच आली होती आणि नंदीचा पांढरा हा एक पांढरा नाही. त्रेसष्ट वर्षांचं तेल, हळद, उदबत्तीचा धूर आणि दादाचा हात असं सगळं त्यात आहे. असा रंग जुळवायचा तर दहाबारा छटा वेगवेगळ्या कालवून ठेवायला हव्यात आणि प्रत्येक छटेला आपली बाटली हवी. बाटली कशी हवी, याचा मी बुधवारी सकाळी कागदावर तक्ता केला: काचेची, रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची, तीसेक मिलीची. सोपं वाटलं. वहिनी, या वर्णनाची वस्तू नागपुरात कोणी कोणाला सहजासहजी देत नाही.

पहिल्यांदा आमच्या चौकातल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते नुसत्या रिकाम्या बाटल्या देईनात. मग मी घशाची खवखव सांगितली, एक बाटली मिळाली. पित्त सांगितलं, दुसरी मिळाली. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं की मन उदास वाटतं का, मी हो म्हणालो (त्या क्षणी ते खरंही होतं). घरी येऊन बाटल्या रिकाम्या करायच्या म्हणून आठवड्याच्या गोळ्या एका बैठकीत खाल्ल्या, कारण औषध फेकणं मला पटत नाही. पित्त गेलं. नव्हतंच, पण गेलं. बाटल्यांची तोंडं मात्र इतकी अरुंद निघाली की आत ढवळायला उदबत्तीची काडीसुद्धा तिरपी जाईना.

संध्याकाळी पॅथॉलॉजी लॅबमधून नमुन्याच्या सहा डब्या आणल्या. रुंद तोंड, फिरकीचं झाकण. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं की किती पेशंट आहेत, मी म्हटलं एकच. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. डब्यांवर नाव, वय, लिंग अशी छापील पट्टी असते. आता समोर फॉर्म आला की मला तो कोरा ठेवता येत नाही, नोकरीची सवय. त्यामुळे मी सहाही डब्यांवर व्यवस्थित लिहिलं: नंदी, त्रेसष्ट, पुरुष. पांढऱ्याच्या सहा छटा कालवल्या आणि उजेडात पारखायला खिडकीत ओळीनं मांडल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई कढीपत्ता मागायला आल्या, त्यांनी ते सगळं वाचलं आणि कढीपत्ता न घेताच गेल्या. रात्रीपर्यंत तीन घरांतून माझ्या तब्येतीची चौकशी झाली. एकानं तर युरॉलॉजिस्टचा नंबरही पाठवला. आणि गुरुवारी सकाळी पाहतो तो रंगातल्या थिनरनं प्लास्टिक मऊ होऊन सहाही डब्या डायनिंग टेबलावर बसकण मारून बसलेल्या. टेबल आता पांढरं आहे, सहा छटांत. कामिनी एवढंच म्हणाली, "अवो, काय करून राहिले तुमी? दोन मिंटाचं काम होतं!" आणि मग ती दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही, जे मला कामाच्या दृष्टीनं सोयीचं पडलं.

गुरुवारीच पेन्शनर मंडळाची वार्षिक सभा होती, एका चांगल्या हॉटेलात, नाश्त्यासकट. तिथे टोस्टच्या शेजारी जॅमच्या छोट्या छोट्या बाटल्या मांडलेल्या दिसल्या. काचेच्या. रुंद तोंडाच्या. घट्ट पत्र्याच्या झाकणाच्या. मी एक हातात घेतली आणि मला भरून आलं. सात बाटल्या मी झोळीत ठेवल्या, लपवून नाही, उपसचिवाच्या अधिकारानं. पण ते आमच्या जुन्या कार्यकारी अभियंत्यांनी पाहिलं, त्यांना वाटलं की ही मंडळातर्फे सभासदांना भेट आहे, आणि पाच मिनिटांत एकशेवीस पेन्शनर रांगेत उभे राहून बाटल्या घेऊन गेले. मॅनेजर आला तेव्हा मी आभारप्रदर्शन करत होतो. त्यात मी हॉटेलचेही आभार मानले, त्यामुळे त्याला हात जोडून सगळ्यांना नमस्कार करावा लागला.

घरी येऊन सातही बाटल्यांतला जॅम वैदेहीला दिला (ती रात्री जेवली नाही, हेही माझ्या नावावर मांडलं गेलं) आणि छटा कालवल्या. चौथ्या बाटलीतला पांढरा नंदीच्या पाठीशी धरला तर जवळजवळ सख्खा भाऊ. एअरब्रशचं झाकण त्या बाटलीला बसेना, म्हणून तिच्याच झाकणाला खिळ्यानं भोक पाडून नळी घातली. कळ दाबली तर नुसती हवा. पंपाचा जोर वाढवला, तरी नुसती हवा. मग लक्षात आलं की बाटलीत हवा शिरायला दुसरं भोक लागतं, त्याशिवाय रंग वर चढत नाही. हे मी पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढून विसरलो होतो. दुसरं भोक पाडलं. कळ मात्र सोडायची राहिली होती, आणि पंपही पूर्ण जोरावर होता. मागे लावलेले वर्तमानपत्राचे कागद हवेनं आधीच उडून गेले होते, ते रंग सुटल्यावर कळलं.

आता हॉलच्या पिस्ता रंगाच्या भिंतीवर पांढऱ्या ढगात नंदीची हुबेहूब आकृती उमटली आहे, शिंगांसकट. उद्या त्याच भिंतीपुढे गणपती बसायचे आहेत. सोनिका म्हणते की राहू द्या, गणपतीच्या मागे त्याच्या वडिलांचं वाहन आहे, लोक आरास समजतील. साताऱ्याची असली तरी मुलगी हुशार आहे. खुद्द नंदीची उजवी बाजू मात्र कालच्यापेक्षा बरीच तरुण झाली आहे. उजवीकडून पाहिला तर दुकानातला, डावीकडून पाहिला तर दादाचा. पण त्यात काळजीचं काही नाही. जादा रंग थिनरच्या बोळ्यानं पुसून काढला की झालं, ते मी आता पत्र संपवून करतोच.

तेव्हा मागणं असं काही नाही. एवढंच करा की दादा सोमवारी निघतो म्हणाला तर त्याला थोडं रेंगाळवा, आणि नंदी मीच मंगळवारी पहाटेच्या एसटीनं आणून थेट महालक्ष्म्यांपुढे ठेवतो असं सुचवा. फुलं, फराळ आणि समया यांच्या गर्दीत शिंग कोण बघतं. मोठ्यांच्या पायांवर आणि लहानांच्या गालांवर इकडून जे पोचवायचं ते पोचवा.

तुमचा धाकटा दीर,
गिरिधर

ता. क. वहिनी, जादा रंग पुसला. उजवी बाजू बरी आली. पण बोळा फिरवता फिरवता डाव्या शिंगावर गेला, तिथला रंग साय निघावी तसा निघाला आणि डावं शिंग माझ्या हातात आलं. ते मी तोडलेलं नाही, ते आधीचंच तुटलेलं होतं. आत खुंटी म्हणून क्रोशाची स्टीलची सुई घातलेली आहे. आपल्या घराण्यात क्रोशाची सुई एकट्या तुमच्याच हाती असते. मी कोणाला काही विचारत नाही आणि कोणाला काही सांगणार नाही. घडतं असं, पायऱ्या सगळ्यांच्याच घरी असतात. पण वहिनी, तुम्ही त्यावर जो पांढरा लावला तो इतका जुळला आहे की माझ्या सतरा बाटल्या त्याच्यापुढे फिक्या पडल्या. तो रंग कुठला, आणि उरला असेल तर ज्या बाटलीत असेल त्या बाटलीसकट रविवारी दुर्गेशबरोबर पाठवा. खरं सांगायचं तर पत्र आता त्यासाठीच आहे. बाटलीचं झाकण घट्ट लावा.

ता. क. दोन. दुर्गेश खाली मोटरसायकलवर बसून हॉर्न वाजवतो आहे आणि नवं पत्र लिहायला वेळ नाही, म्हणून हे लिफाफ्यावरच लिहितो. आत्ता दादाचा फोन आला. म्हणाला, "गिरिधर, नंदीले शिंगाले धरून उचलू नको गा. डावं शिंग म्याच तोडलं होतं, आमच्या पोरीच्या, मयुराच्या, बारशाच्या वर्षी. तुह्या वयनीची सुई घालून बसवलं. तिले सांगू नको. दोन महिने शोधली तिनं ते सुई, शेजारच्या सिंधूताईवर आळ घेतला." मग म्हणाला, "उजवं तं शाबूत आहे ना?" मी हो म्हणालो.

वहिनी, आतल्या ता. क. बद्दल माफ करा. दादाकडूनही वस्तू तुटतात आणि तोही कोणाला तरी भितो, हे मला आज कळलं. मला फार बरं वाटलं, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रंगाचं राहू द्या. दोन्ही शिंगं आता मी साध्या ब्रशनं रंगवतो, दिसायचं ते दिसू दे. नंदी नेऊ दे त्यालाच सोमवारी. डाव्या शिंगात मी बांबूची काडी घातली आहे आणि तुमची सुई पुसून याच ब्लाउजपीसमध्ये गुंडाळली आहे. महालक्ष्म्यांपुढे नंदी मांडताना दादाचं उजव्या शिंगाकडे लक्ष जाईल आणि तो माझ्या नावानं ओरडायला लागेल. तेव्हा तुम्ही काही बोलू नका. फक्त ती सुई घ्या आणि त्याच्यासमोर विणायला बसा.