स्वेटरची वीण

ती. आईस, इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांची छाती आता दुखत नाही ना? खरं सांग.

काल आमच्या तातडीच्या विभागात एका आजोबांना आणलं. हृदय बंद पडलेलं, अंगात हाताने विणलेला स्वेटर. वीण अगदी तुझ्यासारखी. माझी कात्री क्षणभर अडली. डॉक्टर ओरडले, "सिस्टर, कापा!" मी कापला. आजोबा वाचले नाहीत.

त्यांच्या घरच्या आजी कापलेला स्वेटर मांडीवर घेऊन बसल्या आणि मलाच म्हणाल्या, "गळा जरा घट्टच झाला होता गं माझ्याकडून. काढताना त्रास झाला असेल तुला."

बाबांचा स्वेटर अर्धाच झालाय ना? तो उसव. पुढून बटणांचा विण. का ते मात्र त्यांना सांगू नकोस.

तुझीच,
धाकटी