भिंतीला भिडलेली गाडी

अहो,

"हिला बटण दाबायला कुणी सांगितलं होतं?" असं सकाळी बॉनेटमध्ये डोकं घालून पुटपुटत होतात, ते ऐकलं मी. गाडी लांबूनच सुरू करायचा रिमोट दाबला मीच. पण गाडी गिअरमध्ये ठेवून उतरलात तुम्ही, म्हणून ती टुणकन उडून भिंतीला भिडली.

मला मात्र एक गोष्ट कळेना. मेकॅनिक म्हणतो, क्लच दाबल्याशिवाय गाडी सुरू न होण्याची सोय फक्त रिमोटपुरती बंद करायची होती. पण साहेबांनी, म्हणजे तुम्ही, ती किल्लीसाठीही काढायला लावली. ती का हो?

बराच वेळ डोकं खाजवलं. मग हल्ली तुम्ही कठडा धरून जिना उतरता, ते आठवलं.

गाडीची किल्ली मी नेलीय. नातीला शाळेतून चालत आणते. भाजी गरम करून घ्या. रागावलात तरी चालेल, पण तुमच्या डाव्या पायात क्लच दाबायची ताकद राहिलेली नाही.